दाबाची हवा आणि मराठवाड्यातील इंजिनकाम

निजामाच्या अमलात, 1932 साली, हैदराबाद संस्थानच्या रेल्वेखात्याने अवघ्या 27 बसगाड्यांच्या सरंजामावर सरकारी मोटारवाहतूक सुरू केली आणि संस्थानी मुलुखात इंजिन खोलणाऱ्या व बांधणाऱ्या मिस्त्र्याच्या पेशाला एक नवे आश्रयस्थान लाभले. पुढे संस्थान विलीन झाले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1961 साली त्याचे परिवहन एस. टी. महामंडळात समाविष्ट झाले. दप्तरे बदलली, पण बोअर मारणे, लाइनर बसवणे, क्रँक घासणे ही कामे नांदेड-लातूरच्या गॅरेजांत तशीच चालू राहिली.

नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटरवर, तर लातूर बालाघाटच्या पठारावर, 630 मीटरच्या आसपास. भरलेली ट्रक नांदेडहून लातूरकडे निघाली की तिला पठार चढावेच लागते, आणि चढावर स्वतःच्या ओढीने जेवढी हवा मिळेल तेवढ्यावरच चालणारे जुने डिझेल इंजिन हवेच्या मानाने अधिक इंधन घेऊन काळा धूर ओकू लागते. यावरचा उपाय स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने 1905 सालीच पेटंट करून ठेवला होता : वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने चक्र फिरवावे आणि त्याच आसावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून सिलिंडरात भरावी; हाच टर्बो. आपल्याकडे रेल्वेने तो ट्रकांच्या फार आधी स्वीकारला. मीटरगेजवरील वायडीएम-4 डिझेल इंजिने टर्बोचीच होती. 1954 साली डाइमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधू लागलेल्या टाटांच्या टेल्कोची इंजिने मात्र दीर्घकाळ बिनटर्बोची राहिली. 1993 साली टाटा-कमिन्स कंपनी स्थापन झाली, 2000 पासून धुराचे नियम कडक होत गेले आणि टर्बो ट्रकमालकाच्या नित्य परिचयाचा झाला.

मग आपल्या जुन्या इंजिनालाही टर्बो चढवावा, ही इच्छा स्वाभाविकच होती; परंतु खरी परीक्षा टर्बो चढवण्यात नसून त्याआधी इंजिन कसे बांधावे हे ठरवण्यात असते, असे माझे ठाम मत आहे. मोटारीच्या पेट्रोल इंजिनात दाबाचे प्रमाण दहास एक असताना बाहेरून आणखी अर्धा वातावरणदाब भरला, तर मिश्रण अवेळी पेटून नॉकिंग होते. म्हणून खोलगट माथ्याचे पिस्टन घालून ते साडेआठाच्या आसपास उतरवावे लागते. डिझेलमध्ये नॉकिंगची ती भीती नाही, पण स्फोटाचा जोर हेडच्या पॅकिंगवर, बोल्टांवर आणि बेअरिंगांवर येतो. नुसता टर्बो बसवून पंपाचे डिझेल वाढवणाऱ्याला आठवडाभर जोम दिसतो, नंतर पिस्टनचा माथा वितळलेला दिसतो.

जाणता मिस्त्री रिंग कशी बसवतो, ते पाहण्यासारखे असते. तो ती बोअरमध्ये सोडतो, उलट्या पिस्टनने ढकलून सरळ करतो आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेजची पाती घालून पाहतो. साध्या इंजिनात 100 मिलिमीटर बोअरला सुमारे 0.4 मिलिमीटर फट पुरते, टर्बोला 0.5 किंवा त्याहून अधिक ठेवावी लागते, कारण वाढलेल्या उष्णतेने टोके एकमेकांना भिडली की रिंग अडकते आणि पिस्टनची कड तोडते. फट कमी असेल, तर तो कानशीने रिंगचे टोक हळूहळू घासतो आणि पुन्हा मोजतो. टर्बोचा आस तेलाच्या पातळ थरावर फिरतो. म्हणून तेलाची स्वतंत्र वाट, मोठा कूलर आणि गाडी थांबवल्यावर थोडा वेळ इंजिन चालू ठेवण्याची ताकीद, हेही त्याच्या तजविजीत असते.

म्हणूनच पुष्कळ मालकांना कारखान्यातून टर्बोसह बांधून आलेले इंजिन अधिक भरवशाचे वाटते. 1988चा मोटार वाहन कायदाही परवानगीशिवाय असा फेरफार करू देत नाही, तेव्हा गाडी लातूरची (एमएच-24) असो की नांदेडची (एमएच-26), इंजिन बदलणाऱ्याला परिवहन कार्यालयाची पायरी चढावीच लागते. तरीही फटीची, बोअरची, दाबाची ही मापे ज्यांनी हाताने शोधली, त्यांची ती विद्या कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही. नांदेड आणि लातूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी हे वृद्ध मिस्त्री हयात आहेत तोवर ती त्यांच्याकडून उतरवून घ्यावी.