ऑनलाइन कोर्समध्ये मुलं टिकली, पण पास का झाली नाहीत? सॅन होजेच्या प्रयोगात काय घडलं?

अमेरिकेत पदवीचा मुख्य विषय कोणताही असो, सुरुवातीच्या वर्षांत थोडं गणित, थोडं लेखन, एखादं समाजशास्त्र असे कोर्स सगळ्यांनाच करावे लागतात. याला 'जनरल एज्युकेशन' म्हणतात. विद्यार्थी भरपूर, आवड मात्र बेताची. त्यामुळे हे कोर्स ऑनलाइन नेण्याचा मोह विद्यापीठांना होतो.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०१३ मध्ये 'युडॅसिटी' या कंपनीसोबत असाच प्रयोग जाहीर केला. गणित आणि संख्याशास्त्राचे मिळून तीन कोर्स, प्रत्येकी १५० डॉलर फी आणि अडलं तर विचारायला ऑनलाइन मेंटर.

निकाल काय लागला?

८३ टक्के विद्यार्थी शेवटपर्यंत टिकले. फुकटचे ऑनलाइन कोर्स बहुतेक जण मध्येच सोडतात, ते पाहता हा आकडा जोरदारच. पण संख्याशास्त्रात पास झाले जेमतेम निम्मे आणि शाळेतल्या गणिताची उजळणी करून घेणाऱ्या कोर्समध्ये सुमारे पाव. जुलैमध्ये विद्यापीठाने प्रयोगाला विराम दिला.

म्हणजे नाव पटावर राहिलं, अभ्यास मात्र केव्हाच सुटला होता.

मुलं नेमकी कुठे मागे पडली?

उजळणीच्या कोर्समधली विद्यापीठाची मुलं त्याच विषयात आधी नापास झालेली होती. बाहेरून आलेल्यांमध्ये शाळकरी मुलंही होती आणि त्यांच्यातल्या काहींकडे घरी कॉम्प्युटरच नव्हता. मुदती सैल ठेवल्या होत्या, त्यामुळे आपण किती मागे आहोत हे अनेकांना उशिरा कळलं. ही सवलत शिस्त अंगवळणी पडलेल्यांना मानवते. नुकत्याच बारावीतून आलेल्या मुलाला ती बुडवू शकते. प्रयोगाच्या अभ्यासात पास होण्याशी सर्वात घट्ट संबंध दिसला तो एका साध्या गोष्टीचा: विद्यार्थ्याने किती गणितं सोडवून पाठवली.

उन्हाळ्याच्या सत्रात संख्याशास्त्राचा निकाल ८३ टक्क्यांवर गेला. कोर्स सुधारले होते हे खरं, पण या सत्रातल्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांकडे आधीच एखादी पदवी होती. त्यामुळे या यशाचं श्रेय फक्त कोर्सला देणं घाईचं ठरेल.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना याचं काय?

यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स 'स्वयम'वरून करता येतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पहिल्या वर्षातच मुख्य विषयाबाहेरचे कोर्स आले आहेत, म्हणजे परिस्थिती बरीचशी सॅन होजेसारखी. 'स्वयम'च्या अनेक कोर्समध्ये साधारण २५ टक्के गुण असाइनमेंटला, उरलेले परीक्षेला. पहिली असाइनमेंट कोणी भरली नाही हे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच दिसू शकतं. कॉलेजमधल्या कोणीतरी ती यादी उघडून त्या मुलांना तेव्हाच फोन करायला हवा. परीक्षेच्या तोंडावर केलेल्या फोनचा फारसा उपयोग नसतो.