तारेच्या खांबापासून सिलिकॉनच्या चिपपर्यंत : क्रॉसटॉक-नियंत्रणाचा इतिहास आणि नांदेड-लातूर परिसर

प्रस्तावना

दूरध्वनीवर बोलताना मध्येच तिसऱ्या कोणाचे संभाषण कानी पडणे, हा नांदेड व लातूर जिल्ह्यांतील जुन्या पिढीच्या परिचयाचा प्रकार होय. 'क्रॉस कनेक्शन लागले' असे म्हणून तो सोडून दिला जात असे. या एका शब्दप्रयोगाखाली वस्तुतः दोन भिन्न दोष येतात. भिजलेल्या केबलमुळे किंवा चुकीच्या जोडणीमुळे दोन तारांचा प्रत्यक्ष संपर्क होणे हा पहिला दोष. आणि कोणताही संपर्क नसताना केवळ शेजारामुळे एका तारेतील संकेत दुसरीत उतरणे हा दुसरा. या दुसऱ्या दोषास क्रॉसटॉक म्हणतात. डिजिटल यंत्रणा आल्यावर तो ग्राहकाच्या कानाआड झाला, परंतु नाहीसा झाला नाही. तो एकात्मिक परिपथाच्या, म्हणजेच चिपच्या, आत गेला. या स्थलांतराचा इतिहास आणि नांदेड-लातूर येथील तंत्रशिक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व यांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उघड्या तारांचा काळ

आरंभीच्या दूरध्वनीत तार एकच असे व परतीचा मार्ग जमिनीतून जाई. त्यामुळे शेजारच्या तारांचा गोंगाट सहज शिरे. प्रत्येक संभाषणास तारांची स्वतंत्र जोडी देणे ही पहिली सुधारणा. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ही जोडी एकमेकींभोवती पिळण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. खांबांवरील उघड्या तारा पिळता येत नसत. म्हणून ठरावीक खांबांवर त्यांच्या जागांची अदलाबदल केली जाई. शेजाऱ्याचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांवर सारखाच पडला की त्यांतील फरक शून्य होतो, हे त्यामागील तत्त्व होते.

भारतात ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे तिचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या अशा एक्स्चेंजमुळे देशाच्या ग्रामीण भागात डिजिटल दूरध्वनी पोहोचला. ध्वनीचे रूपांतर शून्य व एक या अंकांत झाल्यावर किरकोळ उपद्रव ऐकू येईनासा झाला. परंतु हे अंक हाताळणाऱ्या चिपमध्ये त्याच सुमारास तारांची दाटी वाढत होती.

चिपमधील शेजार

१९७१ च्या इंटेल ४००४ या प्रक्रियकात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते व त्याचे तंत्रज्ञान १० मायक्रॉनचे होते. तेव्हा विलंबाचा मुख्य भाग ट्रान्झिस्टरचा असे, तारेचा नव्हे. पुढे तारा अरुंद झाल्या. अरुंद तारेचा रोध वाढू नये म्हणून तिची उंची फारशी कमी केली गेली नाही. परिणामी शेजारच्या तारा जवळजवळ उभ्या भिंतींप्रमाणे समोरासमोर आल्या आणि त्यांच्यातील धारिता वाढली.

या धारितेचा परिणाम एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. एका तारेची जमिनीशी धारिता १ एकक आणि दोन्ही बाजूंच्या तारांशी प्रत्येकी १ एकक मानू. शेजारच्या दोन्ही तारा स्थिर असतील, तर एकूण भार ३ एकके होतो. त्या याच तारेबरोबर त्याच दिशेने बदलल्या, तर तो १ एकक उरतो. विरुद्ध दिशेने बदलल्या, तर ५ एकके होतो. म्हणजे तार तीच, संकेतही तोच. तरी शेजाऱ्याच्या वागण्यानुसार विलंब पाचपट बदलू शकतो.

येथे एक तार्किक पेच उभा राहतो. विलंब काढण्यासाठी शेजारची तार त्याच क्षणी बदलते काय, हे ठाऊक हवे. आणि ते ठरवण्यासाठी विलंब ठाऊक हवा. १९८७ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून पदवी घेऊन पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करणारे सचिन सापटणेकर यांनी १९९९ मधील निबंधाच्या शीर्षकातच या पेचाला 'कोंबडी आधी की अंडे आधी' या स्वरूपाचा प्रश्न म्हटले. आधी अंदाज धरून विलंब काढायचा, त्यावरून अंदाज सुधारायचा आणि उत्तर स्थिर होईपर्यंत ही आवर्तने करायची, हा त्यावरील मार्ग आहे.

उपायांची परंपरा

चिपमधील उपाय पाहता जुनी वंशावळ लगेच ओळखू येते. तारांमधील अंतर वाढवणे, त्यांच्या जागा बदलणे, दोन संकेततारांच्या मध्ये स्थिर विद्युतदाबाची तार घालणे, त्यांच्यामधील थरासाठी कमी धारिता देणारा पदार्थ वापरणे, हे ते उपाय होत. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारांचे तंत्र जाहीर केले. रोध कमी झाल्याने कमी उंचीची तार पुरते, हा त्याचा एक लाभ. मात्र अंतर किंवा मधली तार यांची किंमत जागेच्या रूपात मोजावी लागते. संगणकाच्या हार्ड डिस्कची चपटी केबल याचा दृश्य पुरावा आहे. वेग वाढल्यावर ४० तारांची केबल ८० तारांची झाली, जोडटोके मात्र ४० च राहिली. वाढीव तारा केवळ आडोशासाठी होत्या.

नांदेड-लातूरचा संदर्भ

नांदेड येथे १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि लातूर येथे १९८३ मध्ये एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. चिप घडवणारा कारखाना मराठवाड्यात नाही. देशातही मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीसारखी ठिकाणे मोजकीच आहेत. परंतु क्रॉसटॉक आटोक्यात आणण्याचे बरेचसे काम कारखान्यात नव्हे, तर आराखड्यात होते. वर दिलेले १, ३ आणि ५ चे गणित एनजीस्पाइस या विनामूल्य प्रणालीवर साध्या संगणकात पडताळता येते. २०२० मध्ये गूगल व स्कायवॉटर यांनी १३० नॅनोमीटर तंत्राची आराखडा-माहिती खुली केल्याने प्रत्यक्ष तारांच्या मापांवरही विद्यार्थ्यांना काम करता येते. मोडीत निघालेली ८० तारांची केबल व ऑसिलोस्कोप एवढ्यावर मधल्या तारेचा परिणाम डोळ्यांनी पाहता येतो.

निष्कर्ष

क्रॉसटॉकचा इतिहास हा एकाच दोषाने जागा बदलत राहिल्याचा इतिहास आहे. खांबावरील तारांना लागू पडलेली अंतर, अदलाबदल व आडोसा ही तत्त्वे चिपमध्येही टिकली. नवी भर पडली ती काळाच्या हिशोबाची. हा हिशोब शिकण्यास महागडी यंत्रसामग्री अपरिहार्य नाही. कारखाना जवळ नाही म्हणून हा विषय नांदेड-लातूरच्या वर्गात केवळ परीक्षेपुरता ठेवणे, हे साधनांच्या अभावाचे नव्हे, तर अध्यापनाच्या निवडीचे फलित ठरेल.