कूपर क्रीक : कापसापासून वाचलेली वाळवंटी नदी

१८४५ मध्ये चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात एका पात्राशी पोहोचला. पाणी होते, पण प्रवाह दिसेना. म्हणून त्याने त्याला नदी न म्हणता ‘क्रीक’, म्हणजे ओढा, असे नाव दिले. वास्तविक थॉमसन आणि बार्कू या दोन नद्यांच्या संगमातून हा ‘ओढा’ निघतो (दोन नद्यांचा मिळून ओढा व्हावा, ही तिकडची जुनी थट्टा!) आणि मोठ्या पुराच्या वर्षीच समुद्रसपाटीखालच्या आयर सरोवराला मिळतो.

१९९५ मध्ये विंडोरा गावाजवळ या पाण्यावर कापूस पिकवण्याचा प्रस्ताव आला. पुराचे पाणी ‘वाया जाते’, हे अशा योजनांमागचे नेहमीचे गणित. वाळवंटात तेच चुकते. पूर असंख्य फाट्यांनी मैदानावर पसरतो तेव्हाच गवत उगवते, मासे वाढतात, पाणपक्ष्यांची वीण होते. ओसरल्यावर खोल डोहांत उरलेले पाणी पुढच्या पुरापर्यंत जीव जगवते. अधलेमधले लहान पूर उपसून घेतले, तर डोह भरणार कसे?

विरोधात पर्यावरणवाद्यांइतकेच पशुपालकही आघाडीवर होते. त्यांची गुरे पुराच्या कुरणांवरच पोसली जात. शिवाय कापसावरच्या कीटकनाशकांचा अंश मांसात उतरण्याचे भय होते. आदिवासी समाज आणि नदीशास्त्रज्ञही त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रस्ताव बारगळला. २००० मध्ये केंद्र, क्वीन्सलँड आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया यांच्यात आयर सरोवर खोऱ्याचा करार झाला. २०११ मध्ये क्वीन्सलँडने कूपरला ‘वन्य नदी’ कायद्याचे कवच दिले. २०१४ मध्ये तो कायदाच रद्द झाला.