फळीखालची फुली

१७. मूळ मजकुरात लेखक नुसती ‘आतली फुली’ म्हणून पुढे जातो, म्हणून हा खुलासा. गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूसची, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण पाऊणशे किलोच्या घरात जातो. नुसती फळी तो सोसणार नाही. तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या मागे फुगेल, पुढे खचेल. म्हणून आतून पट्ट्या चिकटवतात. त्या फार दणकट केल्या, तर फळी हलत नाही आणि आवाज बसतो.

यांतल्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, तीच ‘फुली’. ही मांडणी अमेरिकेत गिटारकार मार्टिन यांच्या गिटारींत १८४०च्या दशकात दिसते. तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे पोलादी तारांनाही तीच उपयोगी पडली, हा निव्वळ योग. स्पेनच्या आंतोनिओ दे तोरेसने पंख्यासारख्या सात पट्ट्या रूढ केल्या. आवाज फळीच घडवते हे पटवायला १८६२ साली त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या!

आराखड्यात फुलीचा छेद छिद्रापासून किती दूर, हे आधी ठरवतात. तो छिद्राकडे सरकवला की ब्रिजभोवतीची फळी मोकळी होते, खर्ज भरतो. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, उंची दुप्पट केली तर आठपट. त्यामुळे जाणता कारागीर पट्टी अरुंद पण उंच ठेवतो आणि टोकांकडे तासत नेतो. इथली मापे पोलादी तारांच्या गिटारची आहेत. नायलॉनच्या तारांसाठी ती वापरू नयेत. — संपादक