नदीपलीकडचे देव

शाळेची मुले घेऊन मी एकदा गोव्यात मंगेशीला गेलो होतो. दीपमाळेपाशी एका मुलाने विचारले, "गुरुजी, देव इकडे पळून का आले?" मी क्षणभर गप्प झालो.

मंगेशाचे मूळ ठाणे कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी, शांतादुर्गेचे केळशी. दोन्ही गावे तेव्हा साष्टीत. 1560 साली मंगेश झुआरी ओलांडून प्रियोळला आला. पाठोपाठ शांतादुर्गा कवळ्यास गेली. 1567 मध्ये राचोलच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतील सुमारे 280 देवळे उद्ध्वस्त केली. पैलतीरी राज्य होते विजापूरच्या आदिलशहाचे. आसरा तेथे मिळाला, हे विसरता कामा नये.

पण आसरा म्हणजे देऊळ नव्हे! देवांच्या जमिनी मागे राहिल्या. घरे फुटली. कोणी धर्म बदलून शेतावर राहिले, कोणी कारवार-मंगळूरकडे गेले. तरी पांगलेल्या महाजनांनी कुलदैवत सोडले नाही. शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने 1738 च्या सुमारास कवळ्याचे मंदिर उभे राहिले. 1739 मध्ये पेशव्यांचे सरदार रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या शब्दावरून मंगेशी गाव देवस्थानाला इनाम मिळाले. मध्ये पावणेदोनशे वर्षे लोटली होती.

परतताना मी त्या मुलाला म्हणालो, "बाळ, देव पळाले नाहीत. माणसांनी त्यांना उचलून आणले आणि पिढ्यान् पिढ्या ती पालखी वाहिली."

"आणि मागे राहिले ते, गुरुजी?"

"तेही आपलेच, रे."