मराठी येशूची कुळकथा

इ.स. ३२५ मध्ये निकायाच्या परिषदेने येशूला पित्याशी एकरूप ठरवलं. मुसलमानांचा हजरत ईसा मात्र पैगंबर, देव नव्हे. मराठीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. येशू कोण, हे इथे बऱ्याचदा लेखनाच्या घाटानेच ठरवलं, असं मला वाटतं.

पहिला घाट पुराणाचा. गोव्याच्या साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांऐवजी ऐकायला काहीतरी हवं होतं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे ११,००० ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. पुराण म्हटलं की नायक देवच! ओवी ऐकत वाढलेल्या कानांना तो परका वाटला नसणार.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी संवाद निवडला. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडीबा विचारतो, जोतीराव उत्तर देतात. तिथला येशू बळीराजाच्या कुळीचा, दुबळ्यांसाठी उभा राहिलेला. त्याचं देवत्व सिद्ध करायची फुल्यांना गरजच पडत नाही. मला हा येशू फार जवळचा वाटतो.

पंडिता रमाबाईंचा घाट पत्रांचा. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्या पत्रांतून चिवटपणे वाद घालत राहिल्या. पुरोहितांचा एक अधिकार झुगारून दुसरा का मानायचा, हा त्यांचा सवाल होता. एवढ्या धिटाईने श्रद्धेची झडती घेणारी दुसरी मराठी लेखणी त्या काळात मला दिसत नाही.

पुढे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात शिकायला गेले, ते एकेश्वरवादी युनिटेरियनांच्या मदतीने. त्या पंथाचा येशू माणूसच.

शेवटचा घाट अभंगाचा. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले ना. वा. टिळक सांगत, आपण तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो. त्यांच्या अभंगांत देव की माणूस हा वाद उरत नाही. भक्त आपल्या गुरुमाउलीला हाक मारतो. त्यांनी ‘ख्रिस्तायन’ ओवीबद्ध करायला घेतलं, पण १९१९ मध्ये त्यांचं निधन झालं. उरलेले बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. लहानपणी शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईंनी स्टीफन्सची ओवी तीनशे वर्षांनी पुन्हा चालवली.