तळटीप : शांतताकाळातील शौर्य

१२. शांतताकाळातील शौर्य : रणांगणावर शत्रूसमोर नव्हे, तर अन्यत्र दाखवलेल्या धैर्यासाठी ४ जानेवारी १९५२ रोजी ‘अशोक चक्र’ तीन वर्गांत सुरू झाले. १९६७ साली या वर्गांना अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र अशी नावे मिळाली. अशा शौर्याच्या संदर्भात लेखकाने उल्लेखिलेली आग वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लागली. ती आटोक्यात आणताना लेफ्टनंट कर्नल आर. एस. पवार, मेजर के. मनोज कुमार आणि त्यांचे अनेक सहकारी स्फोटांत मृत्युमुखी पडले. आग मात्र एका गोदामापुरतीच राहिली. मृतांपैकी बहुतेक जण अग्निशमन कर्मचारी होते; हा प्रसंग केवळ दोन अधिकाऱ्यांचा समजू नये. – संपा.